नाना कर्ज तपासायचे

लोन देणाऱ्यांचा फोन आला की सगळी दुनिया तो कट करते. नाना तो उचलायचे, स्पीकरवर टाकायचे, चहाच्या कपाला टेकवून उभा करायचे आणि म्हणायचे, "बोला ताई. सावकाश बोला. धा मिन्टाची सुट्टी हाय आमाला."

"सर, अभिनंदन! तुमचं पाच लाखांचं लोन प्री-अप्रूव्ह झालेलं आहे."

"कुनी केलं?"

"सर, आमच्या सिस्टीमनं."

"सही कुनाची हाय त्यावर?"

"सही... सर, ते ऑटोमॅटिक असतं."

"बिनसहीचा माल आमी गेटच्या आत घेत न्हाई. बरं, ऱ्हाऊ द्या. पाच लाख दिले, तर सगळं मिळून परत किती घेनार?"

"सर, हप्ता फक्त अकरा हजार—"

"हप्ता न्हाई विचारला. हप्ता म्हंजी एका नगाचं वजन. मला भरलेल्या टेम्पोचं वजन सांगा."

इथून पुढे ताई आधी गडबडायची, मग मॅनेजरला विचारून सांगते म्हणायची आणि शेवटी फोन तिच्याकडूनच ठेवला जायचा. नाना गार झालेला चहा एका घोटात संपवायचे आणि आमच्याकडे बघून सांगायचे, "लॉट परत गेला." एकीनं तर त्यांना ब्लॉकच केलं. लोन विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला ब्लॉक केल्याचं दुसरं उदाहरण मी तरी ऐकलेलं नाही.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही इनकमिंगला होतो. म्हणजे बाहेरून जे बोल्ट, ब्रॅकेट, रबरी रिंगा येतात त्या आत घ्यायच्या की परत पाठवायच्या हे ठरवणारं खातं. चांगल्या मालाला हिरवा टॅग, वाईटाला लाल. ज्याचं अजून ठरलेलं नाही तो माल जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या चौकोनात पडून राहायचा. नाना तिथले सर्वांत जुने इन्स्पेक्टर. मी नवीन ट्रेनी, बी.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मीच, आणि हे मी त्या काळात कुणी न विचारताही सांगत असे. आजही सांगते, फक्त आता कुणी विचारलं तर.

नाना दहावी आणि आयटीआय. गाव चाकणच्या बाजूचंच. आमचं शेड उभं आहे तिथं पूर्वी त्यांच्या भावकीचा कांदा असायचा. नवीन माणसाला शेड दाखवताना ते म्हणायचे, "ह्यो कॉम्प्रेसर हाय ना, हितं आमची हीर व्हती." गळा दाटून वगैरे नाही, इमर्जन्सीचा दरवाजा कुठं आहे ते दाखवावं तसं. गळ्यात सेफ्टी शूजच्या नाडीला बांधलेलं भिंग. पिनांवर बारीक चीर आहे का बघायला कंपनीनं दिलेलं ते भिंग, पण कंपनीच्या बाहेरही ते नानांच्या गळ्यातच असे. मंडईत ते ढिगातल्या वरच्या, मधल्या आणि तळातल्या अशा तीन भेंड्या मोडून बघत. भाजीवाल्या त्यांना लांबून ओळखायच्या आणि टोपली झाकायच्या. लग्नपत्रिका आली तर आधी तारीख आणि वार जुळतात का ते कॅलेंडरवर बघत. एकदा जुळले नाहीत. वरपक्षाला नानांनी फोन केला तेव्हा साडेतीनशे पत्रिका वाटून झालेल्या होत्या.

एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते. काकूंनी वाढता वाढता सांगितलं, "मला बगायला ह्यो मानूस तीनदा आला. तिसऱ्या खेपंला माझा बाप म्हनला, पावनं, ठेवून घ्या न्हाईतर परत पाठवा, पर ह्ये बगनं थांबवा."

"पन पास केली का न्हाई?" नाना ताटातून मान वर न करता म्हणाले.

"व्हय. आनि तीस वर्सं झाली, अजून बगतायत."

कंपनीत कुणाला कर्ज हवं असलं, कुणाला गाडी हप्त्यावर घ्यायची असली की दहाच्या चहाला तो कागद घेऊन इनकमिंगच्या टेबलाशी यायचा. पेंट शॉपवाले, फोर्कलिफ्टवाले, एकदा तर अकाउंट्समधले साहेबही आले, कागद पाठीमागे लपवून. नानांचा नियम एकच. पूर्ण माल आणायचा. नुसतं रंगीत पत्रक दाखवलं तर हात लावायचे नाहीत. "ह्ये सप्लायरनं सोताच्या मालाचं केलेलं कवतिक हाय. करार आन."

करार आणला की तीन प्रश्न. सगळं मिळून परत किती द्यायचं? उशीर झाला तर काय? आधी फेडलं तर काय? व्याजाचा टक्का ते सर्वांत शेवटी विचारत, आणि विचारला की लगेच पुढचा प्रश्न, "कशावर?" कारण मूळ रकमेवर शेवटपर्यंत टक्का लावायचा की उरलेल्या रकमेवर, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फोर्कलिफ्टवाल्या भावाला मूळ रकमेवर आठ टक्क्यांची गाडी मिळत होती आणि दुसरीकडे उरलेल्या रकमेवर बारा टक्क्यांची. नानांनी टॅगच्या पाठीमागं आकडे मांडून दाखवलं की बारावाली स्वस्त आहे. तो भाऊ दोन दिवस लोकांना सांगत फिरला, "राव, बारा म्हणजे आठपेक्षा कमी असतात." लोकांना वाटलं त्याला पेंट शॉपचा वास चढला.

पण नाना कुणाला कर्ज घेऊ नका म्हणाले नाहीत. मी विचारलं होतं एकदा. ते म्हणाले, "मालच घेऊ नका आसं इन्स्पेक्टर कधी म्हनतो का? मालाबिगर लाइन कशी चालंल? काय आत येतंय त्ये बगून घ्या, एवढंच."

महिनाअखेर मात्र त्यांच्या अंगात यायची. महिनाअखेरीला आमच्याकडे प्रॉडक्शनवाले धावत यायचे. माल सोडा, लाइन थांबलीय, नंतर बघू. नानांचं म्हणणं, सगळ्यात जास्त खराब माल ह्याच घाईत आत शिरतो. आणि कार्डवाले, लोनवालेही नेमके महिनाअखेरीलाच यायचे. ऑफर आजच्यापुरती आहे म्हणत.

अशाच एका महिनाअखेरीला एचआरच्या परवानगीनं एक टाय लावलेला विक्रेता कँटीनच्या वाटेवर टेबल मांडून उभा राहिला. कार्ड फुकट, वर एक निळी ट्रॉली बॅग फुकट. नानांनी त्याला नमस्कार केला, त्याचं टेबल दोन्ही हातांनी उचललं आणि आमच्या पिवळ्या चौकोनात नेऊन ठेवलं.

"सर, हे काय?"

"तुमाला अजून तपासलेलं न्हाई. पास झालेल्या मालात हुबं ऱ्हायचं न्हाई. ह्या रेघंच्या आत ऱ्हावा, भाईर पाऊल टाकू नका."

तो बिचारा सेफ्टीचा नियम असेल म्हणून जेवणाची पूर्ण सुट्टी त्या चौकोनात उभा राहिला. कार्डाचे फॉर्म रेघेवरून हात लांब करून देत होता. एचआरच्या मॅडम आल्या तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "गेटपासवर एन्ट्री कशाची हाय बगा मॅडम. मटेरियल म्हनून लिव्हलंय."

सगळे हसले. मीही हसले. आणि सुट्टी संपताना मागच्या बाजूनं जाऊन त्याच विक्रेत्याकडून कार्ड घेतलं.

कारण त्यानं मला विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही ग्रॅज्युएट का? मग तुम्हाला हे साधं नाही, हे वरचं कार्ड." वरचं कार्ड. आमच्या काळेवाडीच्या खोलीत नळाला पाणी आलं की आई कपड्यांचा ढीग घेऊन बसायची, आणि माझ्या खिशात आता वरचं कार्ड होतं. पुढच्या रविवारी वॉशिंग मशीन घेतलं, सव्वीस हजारांचं. पहिलं बिल आलं. त्यात दोन आकडे होते, एक मोठा आणि एक लहान. लहान आकड्यापुढे लिहिलं होतं, किमान देय रक्कम, तेराशे. मी मनात म्हटलं, हा हप्ता.

दर महिन्याला तो हप्ता मी वेळेवर भरत होते. एकही दिवस चुकले नाही, आणि याचा मला मोठा अभिमान होता. चहाला बसून सर्वांसमोर फोनवरून भरायचे. नाना दोनदा म्हणाले, "दाव जरा."

"नाना, मला समजतं."

"व्हय, व्हय. तू ग्रॅज्वेट."

सातव्या महिन्यात मी सहज बोलून गेले, "सात झाले, आता तेरा राहिले."

नानांनी कप खाली ठेवला. "तेरा हायती आसं कुनी लिव्हलंय?"

"लिहायला कशाला पाहिजे? सव्वीस हजारांना तेराशेनं भागलं की वीस."

त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला. गळ्यातलं भिंग त्यांनी स्क्रीनवर धरलं आणि अंगठ्यानं बिल खाली खाली सरकवत गेले. मग खिशातून एक पिवळा टॅग काढून त्यावर लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. *आला तेव्हा २६,०००. भरले सुमारे ९,०००. शिल्लक २४,३००.*

मी तीनदा वाचलं. तेराशेतले हजाराच्या वर व्याजात आणि व्याजावरच्या करात जात होते. तो हप्ता नव्हताच. दंड लागू नये एवढ्यापुरती ती रक्कम होती. नशीब, मधे कार्डावर दुसरं काही घेतलं नव्हतं. मोठा आकडा पूर्ण भरलेला नसला की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे नानांनी त्याच बिलाच्या शेवटच्या ओळींत दाखवलं. दाखवताना कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले. टेबलाशी चार जण होते आणि चौघांनाही वाटलं आम्ही रबरी रिंगांबद्दल बोलतोय.

मला राग आला. नानांचा. आता वाटतं काय हा वेडेपणा, पण तेव्हा आला. दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर रजिस्टर ठेवलं आणि म्हणाले, "माझ्यावर रुसून व्याज थांबत आसंल तर बस रुसून."

दिवाळीचा बोनस आणि भिशीचे पैसे मिळून कार्ड एकदाचं फेडलं. फोनवरच्या माणसानं सांगितलं, मॅडम, कार्ड बंद झालं. मी आनंदानं नानांना सांगितलं. "कागद कुठाय?" त्यांनी विचारलं. बंद झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत त्यांनी मला रोज सकाळी तेच विचारलं. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी पत्र आलं तेव्हा आमच्या खात्यात मीच पेढे वाटले. कार्ड मिळाल्याचे पेढे लोक वाटत नाहीत, बंद झाल्याचे तर मुळीच नाही. सगळे विचारत होते, लग्न ठरलं का?

हे सगळं मी त्या एका दिवसाबद्दल सांगता यावं म्हणून सांगतेय.

आम्ही काळेवाडीला एका खोलीत बावीस वर्षं भाड्यानं राहत होतो. मालकाला तिथं इमारत बांधायची होती. त्यांनी चार महिन्यांची मुदत दिली, आणि तीही चांगुलपणानं. अप्पा, म्हणजे माझे वडील, प्रेसशॉपला, पत्रा दाबून भाग काढण्याच्या कामावर. त्याच वर्षी रिटायर व्हायचे होते. एकदा ते रिटायर झाले की त्यांच्या नावावर कुणी कर्ज देणार नव्हतं, म्हणून ठरलं, कर्ज माझ्या नावावर काढायचं. दिघीला एक जुनाच पण चांगला वन बीएचके मिळत होता. अप्पांनी एक्कावन्न हजार टोकन दिलं. फ्लॅटच्या मालकाची अट साधी होती. तीस तारखेला संध्याकाळी सहापर्यंत कर्ज मंजुरीचं पत्र दाखवा. नाहीतर टोकन विसरा, दुसरं गिऱ्हाईक थांबलेलं आहे.

आणि मंजुरी मिळायलाच तीस तारीख उजाडली. पत्र हातात मिळणार होतं ते करारावर सह्या झाल्यावरच.

पिंपळे गुरवला मिठाईच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्या फायनान्स कंपनीचं ऑफिस होतं. मला एकटीला जायचं होतं, पण नानांनी आदल्या दिवशीच रजा टाकलेली. "पूर्ण रजा?" मी विचारलं. "सही करायला अर्धा तास लागेल."

"तुला लागंल," ते म्हणाले.

दहा वाजता आम्ही पोचलो. काउंटरवरचा अधिकारी लातूरकडचा, माझ्याच वयाचा. मोठा गोड माणूस. त्यानं पाणी दिलं, फाइल उघडली. बावन्न पानं. जिथं जिथं सही करायची तिथं त्यानं आधीच पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती, मला त्रास नको म्हणून. "मॅडम, फुली दिसली की सही. पंधरा मिनटात मोकळ्या."

नानांनी फाइल आपल्याकडे ओढली आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत नुसत्या फुल्या मोजल्या. "एकुनतीस. खोडरबर हाय का, सायेब?"

"आहे की काका. कशाला?"

नानांनी रबर घेतलं. पहिल्या पानावरची फुली पुसली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. तो अधिकारी आणि मी बघत राहिलो. एकोणतीसच्या एकोणतीस फुल्या पुसून झाल्यावर त्यांनी टेबलावरचा रबराचा चुरा फुंकरीनं उडवला आणि फाइल माझ्यापुढे सरकवली. "आता वाच. मोठ्यानं. पान वाचून झालं, कळलं, की तू सांगायचं सही कुठं करायची."

"काका, हे सगळं स्टँडर्ड असतंय. सगळेच करायलेत सह्या."

"सगळे करत्यात तर तुझी कुठाय ह्याच्यावर?"

"मी कशाला करू? मी देणारा."

"मंग आमी घेनारे. आमी वाचतो."

मी वाचायला लागले. फिजिक्सची प्रश्नपत्रिका बरी असं ते लिखाण. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. नाना मधेच थांबवायचे, "ह्याचा अर्थ?" मला सांगता आला नाही तर अधिकाऱ्याला विचारायचे. त्यालाही आला नाही तर तो आत फोन करायचा. बारा वाजता आम्ही अकराव्या पानावर होतो. खालच्या दुकानातून तळणाचा वास येत होता. मागं दोन गिऱ्हाइकं येऊन, फुली बघून, सह्या करून गेलीसुद्धा.

चौदाव्या पानावर व्याजाचा दर होता. मला जो सांगितला होता तोच, पण पहिल्या बारा महिन्यांपुरता. नंतरचा कसा ठरणार ते पुढच्या पानावर. नाना म्हणाले, "वाईट न्हाई. पन म्हाईत पायजे." त्यांनी माझ्याकडून नंतरच्या दरानं हप्ता काढून घेतला. माझ्या पगारात बसत होता. "कर सही."

तीन वाजता फ्लॅटच्या मालकाचा पहिला फोन आला. साडेतीनला दुसरा. चारला अप्पांचा. आम्ही एकतिसाव्या पानावर. माझा घसा कोरडा पडलेला, आणि नाना भिंगातून तळटीप बघत होते. मला राहवलं नाही.

"नाना, बास झालं. तुमच्या दृष्टीनं हा लॉट असेल. आमचं घर आहे ते. सहा वाजले की जाईल."

त्यांनी भिंग खाली केलं. रागावले नाहीत. "घर हाय म्हनूनच समदं वाचतोय. बोल्ट आसते तर धा-वीस नग बगून सोडून दिले आसते."

मी वाचायला लागले.

चौतिसाव्या पानावर कर्जाची रक्कम पुन्हा एकदा लिहिलेली होती. आम्ही मागितले होते बावीस लाख. तिथं होते बावीस लाख शहाण्णव हजार. मी तो आकडा वाचला आणि वेगात पुढं गेलेसुद्धा. मग माझी मीच थांबले. मागं आले. पुन्हा वाचला. मग नानांकडे बघितलं. त्यांना माझ्या आधी दिसला होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते वाट बघत होते.

"हे शहाण्णव हजार कसले?" मी विचारलं.

अधिकाऱ्यानं टायची गाठ चाचपली. "ते विम्याचे, मॅडम. तुमच्याच सेफ्टीसाठी. लोनमध्येच जोडून दिलंय, तुम्हाला आज खिशातून एक रुपया द्यायचं काम नाही."

"म्हंजी वीस वर्सं व्याजानं द्यायचं," नाना म्हणाले.

"कम्पल्सरी असतंय काका. नाही घेतलं तर सिस्टीम पुढंच जात नाही."

"सक्तीचा हाय आसं कंच्या पानावर लिव्हलंय? त्ये पान दाव."

तो पानं उलटायला लागला. मीही उलटायला लागले. एकेचाळिसाव्या पानावर मलाच सापडलं. लिहिलं होतं की कर्जदारानं हा विमा स्वतःच्या इच्छेनं, कोणत्याही सक्तीविना मागितला आहे. खाली पुसलेल्या फुलीची पुसट खूण.

"मागितला व्हतास का तू?" नानांनी विचारलं.

"नाही."

"मंग?"

"मग हे काढा," मी अधिकाऱ्याला म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "विमा मी घेईन. चार ठिकाणी विचारून, मला परवडेल तो, वेगळा. हा नको. आणि शेहेचाळिसाव्या पानावर हे क्रेडिट कार्डाचं काय आहे?"

मी भराभर पुढची पानं चाळली होती. तिथं एक कार्डाचा अर्ज होता, माझं नाव-पत्ता छापून तयार. फुकट. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्यानं हसून घेतलं, खोकला येईपर्यंत.

अधिकारी फाइल घेऊन आत गेला. साडेचार. पावणेपाच. आत काय चाललंय ते काचेतून दिसत होतं पण ऐकू येत नव्हतं. त्याचे साहेब एकदा आमच्याकडे बघायचे, एकदा घड्याळाकडे. त्यांचीही महिनाअखेर होती. माझ्या मनात आलं, हे लोक आता सरळ नाही म्हणणार. शहाण्णव हजारांसाठी अप्पांचे एक्कावन्न हजार आणि डोक्यावरचं छप्पर मी घालवलं. "नाना, नाही म्हणाले तर?"

"तर तुझं खरं," नाना म्हणाले. "मी चुकलो आसं सांगीन तुझ्या बापाला. सोता येऊन." आणि पहिल्यांदाच मला दिसलं की त्यांचाही पाय टेबलाखाली हलत होता.

पाच वाजून दहा मिनिटांनी अधिकारी बाहेर आला. नव्यानं छापलेली पानं गरम होती. रक्कम बावीस लाख. विम्याचं पान नाही, कार्डाचा अर्ज नाही. "सरांनी सांगितलं काढून टाक," तो म्हणाला. "सिस्टीम गेली पुढं."

बदललेली पानं मी पुन्हा वाचली, उरलेलीही वाचली, आणि सह्या केल्या. पाच चाळीसला मंजुरीच्या पत्राचा फोटो फ्लॅटच्या मालकाला गेला. पाच बेचाळीसला त्यांचा अंगठा आला.

मी फाइल आवरली. नाना उठले. तेवढ्यात अधिकाऱ्यानं दाराकडे बघून, कुणी नाही याची खात्री करून, खुर्ची पुढे ओढली. "काका, दोन मिनटं आहेत का? माझं स्वतःचं एक पर्सनल लोन आहे. लग्नात घेतलेलं. दीड वर्ष झालं भरायलोय, कमीच होईना."

"करार कुठाय?"

"मोबाइलवरच होता. खाली सरकवत नेलं आणि ओके दाबलं."

"वाचलं न्हाई?"

"लई मोठं होतं काका."

नानांनी गळ्यातलं भिंग सावरलं. मग खाली बसले. "प्रिंट काढ. पूर्ण."

प्रिंटर सुरू झाला. मी जिन्यात येऊन अप्पांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं?"

"झालं, अप्पा. पत्र पोचलं त्यांना. घर आपलं."

"सही केलीस?"

"केली. सगळं वाचून केली."

"किती पानं व्हती?"

"बावन्न."

"बावन्न?" अप्पा म्हणाले. प्रेसशॉपला तीस वर्षं त्यांनी, साहेबानं बोट ठेवलं तिथं सही केली होती. बोट उचललं की पान उलटायचं. मग फोन तोंडापासून न हलवताच ते आईला ओरडून सांगायला लागले, "अगं, ऐकलंस का? बावन्न पानं वाचली पोरीनं! बावन्न!" आई मागून विचारत होती, घराचं काय झालं, घराचं. तिला कुणी उत्तर देत नव्हतं.

"मग ये की आता घरी," अप्पा म्हणाले.

"थोडा वेळ लागेल. नाना अजून वरच बसलेत."

"आता काय राहिलं?"

"त्या लोन देणाऱ्या साहेबाच्याच लोनचे कागद निघालेत. चाळीसेक पानं दिसतायत."

"मग तू खाली काय करतीयेस?" अप्पा म्हणाले. "जा वर. त्यांना एकट्याला किती वेळ लागंल."